घरोघरीचे भारतकार : श्रीधरस्वामी नाझरेकर

वार्षिक स्मरणिकेत ज्ञातीतील कर्त्या पुरुषांची चरित्रे द्यावीत अशी रीत आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु काही पुरुष असे होऊन गेले की त्यांच्यावर कोणत्याही एका ज्ञातीस आपला हक्क सांगता येत नाही. ज्या घरात त्यांची पोथी वाचली गेली ते घर त्यांचे. अशा पुरुषांत श्रीधरस्वामी नाझरेकर यांचे स्थान फार वरचे आहे. आमच्या सिरसाळा-परळी भागात ज्या घरी देव्हारा आहे त्या घरी बहुधा 'शिवलीलामृत' आहे. मात्र ते रचणाऱ्याची जन्मकथा विचारली असता सांगणारा विरळा. म्हणून यंदा त्यांचे चरित्र वाचकांस सादर करण्याचे आम्ही योजिले आहे.

श्रीधरस्वामींचा जन्म इ. स. १६५८ च्या सुमारास नाझरे या गावी झाला. माणगंगेच्या काठचे हे गाव आज सोलापूर जिल्ह्याच्या सांगोला तालुक्यात मोडते. घराण्याकडे देशकुलकर्ण्याचे वतन होते. परंतु वतनाच्या कागदांपेक्षा अध्यात्माच्या ग्रंथांचीच त्या घरात अधिक चलती असावी. रामदासपंचायतनातील रंगनाथस्वामी निगडीकर हे याच घराण्यातले. श्रीधरांचे वडील ब्रह्मानंद स्वतः ग्रंथकार होते. 'आत्मप्रकाश' हा ग्रंथ त्यांचा. मातेचे नाव सावित्री. वडील हेच श्रीधरांचे गुरू झाले. पित्यापासून मिळालेली विद्या आणि गुरूपासून मिळालेला बोध असे दुहेरी ऋण त्यांनी जन्मभर मानले, आणि ग्रंथांतून आपल्या नावाशेजारी ब्रह्मानंदांचे नाव सतत गुंफले. पुढे त्यांचा मुक्काम पंढरपुरी झाला आणि तेच त्यांचे कार्यक्षेत्र ठरले.

तो काळ कसा होता हे ध्यानी घेतल्यावाचून श्रीधरांच्या कार्याचे मोल कळणार नाही. इ. स. १६८१ मध्ये औरंगजेब बादशहा दक्षिणेत उतरला तो १७०७ मध्ये येथेच मृत्यू पावला. इ. स. १६९५ पासून सुमारे चार वर्षे त्याची मुख्य छावणी भीमाकाठी, मंगळवेढ्यानजीक ब्रह्मपुरी येथे होती. पंढरपुरापासून हे ठिकाण फार दूर नाही. सैन्याच्या ये-जा करण्याने पिके तुडविली जात, गावे ओस पडत. त्यातच १७०२ ते १७०४ या वर्षांत दक्षिणेत दुष्काळ आणि रोगराई यांनी हाहाकार माजविला. नेमक्या याच वेळी, शके १६२४ म्हणजे इ. स. १७०२ मध्ये श्रीधरांनी 'हरिविजय' पूर्ण केला आणि लगेच पुढील वर्षी 'रामविजय' सिद्ध केला. घरात धान्य नाही, दारात शिपाई उभा, उद्याचा भरवसा नाही, अशा लोकांच्या हाती या पुरुषाने गोकुळाची आणि अयोध्येची कथा ठेविली. लोकांस त्या काळी धीराची गरज होती, आणि तो धीर आपल्या भाषेतून मिळणे आवश्यक होते.

शके १६३४ मध्ये, इ. स. १७१२ साली, 'पांडवप्रताप' पूर्ण झाला. 'हरिविजया'चे ३६ अध्याय, 'रामविजया'चे ४० आणि 'पांडवप्रतापा'चे ६४. महाभारताचा विस्तार एक लक्ष श्लोकांचा सांगितला जातो. शेतकरी, कारागीर आणि गृहिणी यांनी तो कधी आणि कोणत्या बळावर ऐकावा? श्रीधरांनी ती कथा एका चातुर्मासात ऐकून होईल इतकी आटोपशीर केली. त्यांस संस्कृताचे ज्ञान उत्तम होते. एकनाथांचे 'भावार्थरामायण' आणि मुक्तेश्वरांचे भारत हेही त्यांच्यासमोर होते. या सर्वांतून वेचून घेऊन त्यांनी कथा अशी मांडिली की एकाने ओवी म्हणावी आणि ऐकणाऱ्यास ती तेथल्या तेथे उमगावी.

येथे एक योगायोग सांगण्याजोगा आहे. इ. स. १७२९ मध्ये श्रीधरस्वामींनी पंढरपुरास देह ठेविला आणि त्याच वर्षी पन्हाळ्यास मोरोपंतांचा जन्म झाला. मोरोपंतांनीही पुढे समग्र भारत मराठीत आणिले. परंतु त्यांच्या आर्या समजून घेण्यास शास्त्रीबुवा लागत. यमक, श्लेष आणि समास यांचे ते वैभव पंडितांच्या सभेत शोभणारे होते. श्रीधरांच्या ओवीस असा मध्यस्थ लागत नाही. यामुळेच की काय, काव्याची पारख करणाऱ्यांनी अनेकदा श्रीधरांस पंडित कवींच्या खालचे पान मांडिले. आम्हांस तो न्याय मान्य नाही. विहिरीचे पाणी किती खोल आहे हे जसे पाहावे, तसेच ते किती घागरींत भरले गेले हेही पाहावे.

आता त्यांच्या ज्या ग्रंथाकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो तो म्हणजे 'जैमिनी अश्वमेध'. जैमिनी हे व्यासांचे शिष्य. त्यांनीही आपले एक भारत रचिले होते आणि त्यातील अश्वमेधपर्व तेवढे शिल्लक राहिले, अशी परंपरा आहे. युद्ध संपले, कुलक्षयाचे पाप धर्मराजाच्या मनास जाळू लागले, तेव्हा अश्वमेध यज्ञ ठरला आणि घोड्यामागे अर्जुन निघाला. घोडा ज्या ज्या राज्यात गेला तेथील कथा या ग्रंथात आहेत. कर्नाटकात कवी लक्ष्मीश याने ती कन्नडात सांगितली. सोळाव्या शतकात अकबराच्या दरबारी महाभारताचे फारसी भाषांतर झाले, तेव्हा अश्वमेधाचा भाग जैमिनींवरूनच घेतला गेला. मराठी घरांत हे भांडार श्रीधरांनी उघडले.

त्यातील सुधन्व्याची कथा पाहा. चंपकपुरीचा राजा हंसध्वज याने घोडा अडविला आणि दवंडी पिटविली की जो योद्धा रणांगणी उशिरा येईल त्यास उकळत्या तेलात टाकण्यात येईल. प्रत्यक्ष राजपुत्र सुधन्वाच उशिरा आला, कारण पत्नी प्रभावतीच्या विनंतीस मान देऊन तो थांबला होता. पिता विरघळू लागला. परंतु शंख आणि लिखित या पुरोहितांनी वचनाची आठवण दिली. सुधन्वा हरिनाम घेत कढईत उतरला आणि तेल शीतळ झाले. शंखास संशय आला की तेल तापलेच नसावे. त्याने परीक्षेसाठी नारळ टाकिला. तो फुटून दोन शकले उडाली व दोघा पुरोहितांच्या कपाळी बसली. पुढे रणात या सुधन्व्यापुढे अर्जुनाचेही काही चालेना. श्रीकृष्णाने आपले पुण्य बाणामागे उभे केले तेव्हा कोठे तो पडला.

दुसरी कथा मयूरध्वजाची. श्रीकृष्ण आणि अर्जुन ब्राह्मणवेषाने त्याच्या दारी आले. सिंहाने आपला पुत्र धरिला आहे आणि राजाचे अर्धे शरीर मिळाले तर तो त्यास सोडील, असे त्यांनी सांगितले. राजाने करवत मागविली; राणी आणि पुत्र यांनी ती चालविण्याचे पत्करिले. इतक्यात राजाच्या डाव्या डोळ्यातून अश्रू ओघळला. दान नाइलाजाने दिले जात आहे असे समजून अतिथी परत फिरू लागले, तेव्हा राजाने खुलासा केला की उजवे अंग परोपकारी लागले आणि आपण मात्र वाया गेलो, म्हणून डावे अंग रडत आहे. दानाविषयी याहून सूक्ष्म विचार आम्ही क्वचितच ऐकिला असेल.

तिसरी चंद्रहासाची; ती नारदांनी अर्जुनास सांगितली. हा केरळच्या राजाचा पोरका मुलगा. दाईने त्यास कुंतलपुरी आणून वाढविले आणि तीही मरण पावली. हा पोर पुढे राजा होईल असे भविष्य ऐकताच धृष्टबुद्धी प्रधानाने त्यास मारेकऱ्यांच्या हवाली केले. त्यांस दया आली. पायाचे सहावे बोट खूण म्हणून कापून नेऊन त्यांनी त्यास जीवदान दिले. कुलिंदाने त्यास पुत्र मानून वाढविले. पुढे प्रधानाने त्यास ओळखिले आणि आपला पुत्र मदन याजकडे पत्र देऊन पाठविले की या तरुणास विष द्यावे. वाटेत चंद्रहास उपवनात निजला असता प्रधानाची कन्या विषया तेथे आली. तिने पत्र वाचिले, नेत्रीच्या काजळाने एक अक्षर वाढविले, आणि विषाच्या जागी विषया झाली. मदनाने बहिणीचे लग्न लावून दिले. अखेर प्रधानाने देवीच्या देवळात मारेकरी बसविले. पण जावयाऐवजी त्याचा स्वतःचा पुत्रच तेथे गेला आणि मारला गेला. शोकाने प्रधानानेही प्राण सोडिला. चंद्रहासाने देवीची करुणा भाकून त्या दोघांस उठविले. ज्याने तीनदा जीव घेऊ पाहिला त्याच्या जिवासाठी त्याने प्रार्थना केली.

या तिन्ही कथांत एक गोष्ट समान आहे. भारतीय युद्ध जिंकलेला अर्जुन येथे शिकण्यासाठी आलेला दिसतो. पिता-पुत्र, पती-पत्नी आणि अतिथी-यजमान यांच्यातले धर्मसंकट कसे सोडवावे हे त्यास लहान लहान राज्यांतली माणसे दाखवितात. श्रीधरांनी आपल्या श्रोत्यांस ही कथा सांगितली तेव्हा त्या श्रोत्यांभोवतीही विजयाने उन्मत्त झालेल्या फौजा फिरून गेल्या होत्या, हे विसरता कामा नये.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम आरंभिले आणि १२५९ हस्तलिखिते पडताळून ते १९६६ मध्ये पूर्ण केले. त्या आवृत्तीत सुधन्वा, मयूरध्वज आणि चंद्रहास यांची आख्याने आढळणार नाहीत. ती व्यासांच्या भारतातली नसून जैमिनींच्या परंपरेतली आहेत. अर्जुन आणि त्याचा पुत्र बभ्रुवाहन यांचे युद्ध मात्र दोन्हीकडे आहे. यावरून कोणी या कथांस बनावट म्हणेल तर ते आम्हांस पटणार नाही. मूळ पाठ निश्चित करणे हे विद्वानांचे थोर कार्य होय. परंतु लोकांनी शतकानुशतके ज्यांच्यावर मुलांचे मन घडविले त्या कथांचे मूल्य निराळ्या तराजूत तोलावे लागते.

शके १६४० मध्ये, इ. स. १७१८ साली, बारामतीस श्रीधरांनी 'शिवलीलामृत' रचिले. त्याचे १४ अध्याय. त्यातला अकरावा कित्येकांच्या नित्यपाठात आहे. वैद्यनाथाच्या परळीलगत नांदणाऱ्या आम्हां लोकांस त्याची थोरवी नव्याने सांगावयास नको. याच बीड जिल्ह्यात अंबाजोगाईस मुकुंदराज आणि दासोपंत यांचे वास्तव्य झाले. मराठीतून तत्त्वज्ञान सांगण्याची परंपरा या भूमीस जुनीच आहे. श्रीधरांच्या पोथ्यांनी त्या भूमीत कथेचे पीक उभे केले.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सरकारी कारभार आणि वरचे शिक्षण उर्दूतून चाले. अशा दिवसांत ज्यांस मराठी शाळेचे तोंड पाहावयास मिळाले नाही अशा अनेकांची, विशेषतः स्त्रियांची, अक्षरओळख पोथीवरून झाली. ओवी आधी पाठ असे; मग पानावरचे अक्षर आणि तोंडातला शब्द यांची गाठ पडे. विषयेने एक अक्षर लिहून एक जीव वाचविला, ही कथा ऐकताना त्या माउलींच्या मनात काय आले असेल! लिहितावाचता येणारी मुलगी घराचे अरिष्ट टाळते हा बोध श्रीधरांच्या श्रोत्यांस कोणत्याही शिक्षणखात्याच्या फार आधी मिळाला होता.

आज पोथी लाल वस्त्रात बांधून देव्हाऱ्यात ठेविलेली असते. तीस हळदकुंकू वाहिले जाते, नमस्कारही होतो. सोडली मात्र जात नाही. इ. स. १९८८ ते १९९० या काळात दूरदर्शनवर महाभारत दाखविले गेले आणि ते पाहण्यास गावेच्या गावे जमली. त्यापासून मुलांस भीष्म, कर्ण आणि द्रौपदी ही नावे ठाऊक झाली, हे चांगलेच झाले. परंतु चंद्रहास, सुधन्वा आणि मयूरध्वज यांची नावे आमच्या किती मुलामुलींस सांगता येतील? सारखी पाहिली जाणारी कथा टिकते. ऐकण्यावाचून जिला दुसरा आधार नाही ती कथा ऐकणारा उरला नाही की संपते. एका पिढीने पोथी सोडली नाही तर पुढच्या पिढीस ती वाचावयाची कशी हेच समजत नाही.

म्हणून सभासद कुटुंबांस आमची नम्र सूचना आहे. येत्या चातुर्मासात, निदान श्रावणात, रोज संध्याकाळी अर्धा घटका पोथी लावावी. वडीलधाऱ्यांनी ओवी म्हणावी, तरुणांनी अर्थ सांगावा, आणि दुसऱ्या दिवशी मुलांकडून ती कथा वदवून घ्यावी. वाचणारी घरची लेक किंवा सून असेल तर अधिकच बरे. शब्द अडला तर शेजारच्या घरी विचारावा. तेवढ्यासाठी तरी शेजाऱ्यांचे जाणेयेणे होईल. श्रीधरस्वामींनी लढाई आणि दुष्काळ सोसून ही कथा आपल्या हाती दिली. आपणांस त्यासाठी केवळ पोथीची गाठ सोडावयाची आहे.