वसईचे संत गोन्सालो गार्सिया


वसईत जन्मलेले गोन्सालो लहानपणीच जपानला गेले. तेथे त्यांनी येशूसंघीय धर्मगुरूंना धर्मशिक्षक म्हणून मदत केली. पुढे व्यापारात जम बसला. श्रद्धा होती, पैसाही होता. तरी सारे सोडून ते मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाले. १५९३ साली दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेले. गोरगरीब रोग्यांची सेवा केली. अटक झाली. कान कापून भर हिवाळ्यात नागासाकीपर्यंत नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २५ सोबत्यांसह ते क्रूसावर रक्तसाक्षी झाले.

क्रूसाला वंदन आपण सगळेच करतो. त्यांनी तो उचलला. ऊसतोडीला परमुलखात गेल्यावर, बाजारात माल तोलताना, भावाशी बांधावरून भांडण झाल्यावर आपण तो उचलतो का?