विजय सॅम्युअल हजारे : बचावाचा मानकरी

जगाची रीत अशी आहे की, जो चढाई करतो त्याचा जयजयकार होतो, आणि जो ठाणे राखतो त्याची आठवण केवळ संकटाच्या दिवशी होते. आमच्या नसरापुराहून वेल्ह्याच्या वाटेला लागले म्हणजे राजगड दिसू लागतो. त्या गडाच्या संजीवनी माचीवर चिलखती बुरूज आहेत. भिंतीच्या आत दुसरी भिंत, अशी त्यांची बांधणी. हे बुरूज कोणावर चालून जात नाहीत; तथापि अशा बुरुजांच्या भरवशावरच गडाची माणसे रात्री निश्चिंत झोपत. खेळाच्या मैदानावरही असे बुरूज असतात. परंतु आमची मुले चेंडू सीमेपार धाडणाऱ्याला खांद्यावर घेऊन मिरवतात, आणि दिवसभर एक बाजू लावून धरणाऱ्याची 'रडतखडत खेळतो' म्हणून थट्टा करतात. तेव्हा मुख्यतः बचावावर भिस्त ठेवणाऱ्या खेळाडूला थोरांच्या पंक्तीत पान मांडावे की नाही, हा प्रश्न आम्ही आज विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहो. आणि त्याचा निवाडा व्हावा म्हणून आमच्याच महाराष्ट्रातील एका ख्रिस्ती क्रिकेटपटूचे चरित्र थोडक्यात सांगत आहो.

विजय सॅम्युअल हजारे ह्यांचा जन्म ता. ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील शिक्षक होते आणि घरात आठ भावंडे होती. शिक्षकाच्या वेतनात आठ मुलांचा प्रपंच म्हणजे काय, हे आमच्या पालकवर्गास समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. अशा घरात काटकसर ही शिकवावी लागत नाही. ती अंगवळणी पडते. हजारे ह्यांच्या खेळातील जपून वागण्याचे मूळ कित्येकांना ह्या घरातच सापडेल, आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटे आहे असे आम्हांस वाटत नाही.

तरुणपणी हजारे मध्यम गतीचे गोलंदाज म्हणूनही चांगले नावाजले गेले. एका संस्थानिकाच्या निमंत्रणावरून हिंदुस्थानात आलेले ऑस्ट्रेलियाचे थोर गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट ह्यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. हजारे ह्यांची उभे राहण्याची ढब पुस्तकी नियमांस धरून नव्हती; बॅट ते दोन्ही पायांच्या मध्ये धरीत. पाहणाऱ्यास ते ध्यान काही डौलदार दिसत नसे. परंतु ग्रिमेट ह्यांनी ती ढब बदलू नये असाच सल्ला दिला. खरा गुरू शिष्याचे रूप पुसून टाकीत नाही, त्याचे बळ ओळखतो, ह्याचे हे सुंदर उदाहरण होय.

१९३९-४० च्या हंगामात पुण्यास महाराष्ट्राच्या वतीने बडोद्याविरुद्ध खेळताना त्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी करंडक स्पर्धेतील ते पहिले त्रिशतक. पुढे ते बडोद्याच्याच संघात गेले आणि अखेरपर्यंत बडोद्याचे होऊन राहिले.

त्या काळी मुंबईस धर्मावार संघ पाडून पंचरंगी सामने होत. हिंदू, मुसलमान, पारशी व युरोपियन ह्यांचे संघ वेगळे, आणि ह्या चोहोंत जे बसत नसत त्या ख्रिस्ती प्रभृती लोकांचा 'इतरेजन' ह्या अर्थाच्या नावाचा पाचवा संघ. १९४३ च्या डिसेंबरात ब्रेबोर्न स्टेडियमवर ह्या पाचव्या संघाची गाठ बलाढ्य हिंदू संघाशी पडली. हिंदू संघाने ५ बाद ५८१ धावा करून डाव सोडला. त्यांत विजय मर्चंट ह्यांच्या नाबाद २५० होत्या. उलट बाजूचा पहिला डाव अवघ्या १३३ धावांत आटोपला. दुसऱ्या डावात हजारे उभे राहिले. संघाच्या एकंदर ३८७ धावा झाल्या, आणि त्यांपैकी ३०९ एकट्या हजारे ह्यांच्या होत्या! त्यांचे बंधू विवेक ह्यांच्यासमवेत त्यांनी ३०० धावांची भागी केली; त्यात विवेक ह्यांच्या वाट्याच्या धावा केवळ २१. सामना डावाने गेलाच. पण मुलांनो, त्या २१ धावांकडेही लक्ष द्या. भावाने दुसरी बाजू राखली नसती तर ते त्रिशतक घडलेच नसते. बचावाचे मोल फलकावर आकड्यांनी लिहिले जात नाही, ते असे. धर्मावरून संघ पाडण्याची ती पद्धत १९४६ साली बंद झाली, हे फार बरे झाले.

१९४६-४७ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात बडोद्याने होळकर संघाविरुद्ध खेळताना आणखी एक विक्रम केला. हजारे व गुल महंमद ह्या जोडीने चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भर घातली. हजारे ह्यांच्या २८८, गुल महंमद ह्यांच्या ३१९. कोणत्याही गड्यासाठी केलेल्या भागीचा हा जागतिक विक्रम २००६ सालापर्यंत, म्हणजे जवळजवळ साठ वर्षे, अबाधित राहिला.

महायुद्धामुळे हजारे ह्यांच्या उमेदीची वर्षे आंतरराष्ट्रीय खेळावाचून गेली. पहिला कसोटी सामना त्यांना १९४६ च्या जूनमध्ये लॉर्ड्स मैदानावर मिळाला, तेव्हा वयाची एकतीस वर्षे उलटली होती. पण पुढे दीड वर्षानेच ऑस्ट्रेलियात त्यांच्या कीर्तीचा कळस झाला. १९४८ च्या जानेवारीत ॲडलेड येथे ब्रॅडमन ह्यांच्या संघाने ६७४ धावांचा डोंगर रचला. भारताच्या ३८१ धावा झाल्या. त्यांत हजारे ह्यांच्या ११६. भारतास पाठोपाठ दुसरा डाव खेळावा लागला. लिंडवॉल ह्यांच्या भेदक माऱ्यापुढे आपले सहा फलंदाज एकही धाव न करता परतले. आणि त्याच डावात, त्याच माऱ्यापुढे, हजारे ह्यांनी १४५ धावा केल्या. एका कसोटीच्या दोन्ही डावांत शतके झळकविणारे ते पहिले भारतीय होत. स्वतः ब्रॅडमन ह्यांचा त्रिफळाही त्या सामन्यात हजारे ह्यांनीच उडविला, मात्र तोवर त्यांच्या २०१ धावा झाल्या होत्या. भारत एक डाव व १६ धावांनी हरला.

बचावी खेळाडू भित्रा असतो, असा समज असणाऱ्यांनी १९४९ च्या फेब्रुवारीतील मुंबईचा सामना आठवावा. वेस्ट इंडीजविरुद्ध विजयासाठी ३६१ धावा हव्या होत्या. हजारे ह्यांनी १२२ धावा करून विजय दृष्टिपथात आणला. भारताच्या ८ बाद ३५५ झाल्या आणि वेळ संपली. अवघ्या सहा धावा उणे पडल्या! ज्याला राखता येते त्याला प्रसंगी झेपही घेता येते, हे त्या दिवशी दिसून आले.

आता दुसरी बाजू सांगितली पाहिजे. केवळ स्तुती करणे हे चरित्रकाराचे काम नव्हे. १९५१-५२ साली हजारे भारताचे कर्णधार झाले. इंग्लंडविरुद्ध दिल्लीच्या पहिल्या कसोटीत त्यांनी नाबाद १६४ व मर्चंट ह्यांनी १५४ धावा केल्या. भारताने २१५ धावांची आघाडी मिळवून डाव सोडला. परंतु फलंदाजी संथ झाली आणि इंग्लंडला बाद करण्यास वेळ अपुरा पडला, असा ठपका कर्णधारावर आला. हा ठपका आम्हांस सर्वस्वी निराधार वाटत नाही. पुढे ती मालिका एकास एक अशी बरोबरीत सुटली. दिल्लीचा सामना जिंकला असता तर मालिकाच जिंकली असती. परंतु एक गंमत पाहा. दिल्लीस इंग्लंडला कोणी वाचविले? नाबाद १३७ धावा करून तासन्तास खेळपट्टी न सोडणाऱ्या वॉटकिन्स ह्यांनी. म्हणजे बचाव हा दोष नव्हे; तो कोणत्या वेळी करावा आणि कोणत्या वेळी सोडावा, ह्याचा विवेक चुकला तर तो दोष. कर्णधार हजारे ह्यांचा तो विवेक काही वेळा चुकला. त्यांच्या नेतृत्वाखालील चौदा कसोटींपैकी एकच जिंकली गेली.

पण ती एक कोणती? १९३२ साली भारत कसोटी खेळू लागला. वीस वर्षांत एकही विजय पदरी पडला नव्हता. ता. १० फेब्रुवारी १९५२ रोजी मद्रास येथे, विनू मंकड ह्यांच्या बारा बळींच्या व पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर ह्यांच्या शतकांच्या बळावर, भारताने इंग्लंडला एक डाव व ८ धावांनी हरविले. देशाचा तो पहिला कसोटी विजय हजारे ह्यांच्या नेतृत्वाखाली झाला.

त्याच वर्षी जूनमध्ये इंग्लंडमधील लीड्स येथे काय घडले, ते प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे. पहिल्या डावात ३ बाद ४२ अशी अवस्था असताना हजारे ह्यांनी ८९ धावा करून तरुण विजय मांजरेकर ह्यांना साथ दिली. दोघांची २२२ धावांची भागी झाली व मांजरेकरांचे १३३ धावांचे शतक झाले. दुसऱ्या डावात तर फलकावर एकही धाव लागण्यापूर्वी चार गडी तंबूत परतले. शून्यावर चार बाद! अशा वेळी कर्णधार मैदानात उतरला. त्याने ५६ धावा केल्या, फडकर ह्यांच्यासमवेत १०५ धावांची भर घातली आणि संघाची लाज राखली. तोही सामना आपण हरलो; पण त्या दिवशी कोणी हजारे ह्यांना संथ म्हटले असते तर ते हास्यास्पद ठरले असते.

१९५३ साली त्यांचा कसोटी खेळ संपला. तीस कसोटींत २,१९२ धावा, सरासरी ४७.६५, सात शतके; आणि प्रथम श्रेणीच्या सर्व सामन्यांत १८,७४० धावा, साठ शतके व ५९५ बळी, एवढी कमाई त्यांच्या नावावर जमा आहे. १९६० साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. राज्याराज्यांच्या संघांतील एकदिवसीय स्पर्धेच्या करंडकास त्यांचे नाव देण्यात आले. ता. १८ डिसेंबर २००४ रोजी, वयाच्या नव्वदीच्या उंबरठ्यावर, बडोद्यास त्यांचे निधन झाले.

आंतरराष्ट्रीय क्रिकेट मंडळाने २००९ साली 'हॉल ऑफ फेम' नावाचे कीर्तिमंदिर स्थापिले. मद्रासच्या विजयातील त्यांचे सहकारी विनू मंकड ह्यांना त्यात २०२१ साली स्थान मिळाले. हजारे ह्यांचे नाव मात्र २०२५ सालापर्यंत तेथे लागलेले नव्हते. कोणी म्हणेल की, सामने जिंकून देतो तोच तेथे शोभतो. हजारे ह्यांची पुष्कळशी मोठी खेळी तर हरलेल्या सामन्यांतील. आमचा निवाडा उलट आहे. जिंकणाऱ्या संघात शौर्य दाखविणे त्या मानाने सोपे असते. सोबती एकामागून एक कोसळत असता, आणि पराभव समोर दिसत असता, जो आपली जागा सोडीत नाही, त्याची योग्यता विजयाच्या मापाने मोजणे अन्यायाचे आहे. पाऊस आणि पूर येतो तेव्हाच घर खडकावर बांधले होते की वाळूवर, ते कळते. दिल्लीची चूक जमेस धरूनही, ॲडलेड व लीड्स येथे जो टिकला तो त्या मंदिरात बसावयास सर्वथैव पात्र आहे, असे आम्हांस वाटते.

पालकांस एवढीच विनंती की, आपल्या घरी जे मूल संथ आहे, पण हाती घेतलेले अर्धवट टाकीत नाही, त्याची शेजारच्या चपळ मुलाशी तुलना करून त्यास हिणवू नये. आणि विद्यार्थ्यांनो, पुढील सामन्यात तुमचा एखादा सोबती कमी धावा करून परत आला, तर तो किती वेळ उभा राहिला आणि कोणासाठी उभा राहिला, एवढे आधी विचारा. टाळ्या वाजवावयाच्या की नाही, ते मग ठरवा.