गयेचा कलेक्टर आणि आमच्या बोलीची मोजणी

शिरगणती आली की सीमाभागातल्या घराघरांत एकच घोर असतो. मोजणीदार मातृभाषेच्या रकान्यात काय लिहून नेणार? या एका रकान्यापायी ज्याने आयुष्याची तीस वर्षे घातली, त्या सर जॉर्ज ग्रिअर्सनची आठवण आम्हाला म्हणूनच होते.

हा आयरिश गृहस्थ ७ जानेवारी १८५१ रोजी डब्लिननजीक जन्मला. १८७३ मध्ये मुलकी नोकरीत बंगाल इलाख्यात आला आणि बिहारच्या जिल्ह्यांत रमला. तिथली रयत कागद लिहायची कैथी लिपीत, आपल्याकडे मोडी चालायची तशी. साहेबाने १८८१ मध्ये त्या लिपीची हस्तपुस्तिकाच काढली. रयतेचा कागद अंमलदाराला वाचता आला पाहिजे, एवढी साधी गोष्ट. पण आपल्या भाषेतल्या सातबाऱ्यासाठी तालुक्याला खेटे घातलेल्या वाचकाला तिचे मोल आम्ही काय सांगावे? १८८५ मध्ये त्याने बिहारी कुणब्याच्या संसाराचा कोशच छापला. नांगर, गाडी, मोट, चूल यांच्या भागाभागांची नावे, आणि तीही कोणत्या मुलखात काय म्हणतात ते सांगून!

पुढे गया जिल्ह्यावर १८९३ मध्ये त्याने टिपण प्रसिद्ध केले. जिल्ह्याची वस्ती एकवीस लाखांच्या घरात. कुणब्याकडे जमीन किती, पिकते किती, खर्च किती, याचा हिशेब मांडून त्याने निष्कर्ष काढला की शेकडा ४५ लोकांना पुरेसे अन्न वा वस्त्र मिळत नाही. सरकारच्याच कलेक्टरने हे लिहावे, याचे आम्हाला आजही नवल वाटते.

१८९८ मध्ये भाषा-पाहणीचे काम त्याच्याकडे आले. जिल्ह्याजिल्ह्यांतून बोलींच्या याद्या मागवल्या, १८९१ च्या खानेसुमारीचा आधार घेतला. बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट प्रत्येक बोलीत उतरवून घेतली, शिवाय ठरावीक शब्दांची यादी भरून घेतली. यात उणिवा होत्याच. मद्रास इलाखा, म्हैसूर आणि निजामाचे राज्य वगळले गेले. बेळगाव, धारवाड, कारवार मुंबई इलाख्यात असल्याने पाहणीत आले, बीदर-भालकी मात्र बाहेर राहिले. शिवाय कचेरीतून आलेल्या नमुन्यात बोली गावकऱ्याची किती आणि लिहिणाऱ्या कारकुनाची किती, ही शंका आम्हाला राहतेच.

मराठीचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. तो मुख्यत्वे नॉर्वेच्या स्टेन कोनो यांनी सिद्ध केला. त्यात कोकणी मराठीची बोली म्हणून धरली आहे. त्यावर पुढे गोव्यात रणे माजली, आणि १९९२ मध्ये कोकणी स्वतंत्र भाषा म्हणून आठव्या अनुसूचीत गेली. आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. शेजारच्या बोली एकमेकींत मिसळत जातात, नकाशावरची रेघ सोयीपुरती असते, हे ग्रिअर्सन जाणून होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत जिल्ह्याचे जिल्हे उचलून इकडचे तिकडे झाले, आणि मराठी गावांनी खेडे हा घटक धरा म्हणून आयुष्ये वेचली.

प्रकृतीमुळे ग्रिअर्सनने पाहणीचे बहुतेक काम इंग्लंडात, कॅम्बर्लीच्या घरी बसून केले. नोकरी १९०३ मध्ये सुटली, काम सुटले नाही. १९२८ पर्यंत अकरा खंड पुरे झाले. १७९ भाषा, ५४४ बोली. ९ मार्च १९४१ रोजी तो वारला, तेव्हा नव्वदी उलटली होती.