दिवसाला तीनच तास

संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात ‘पोस्ट करस्पॉन्डन्स प्रॉब्लेम’ नावाचे एक प्रकरण असते. त्यातल्या ‘पोस्ट’चा टपालाशी काही संबंध नाही. हे एमिल लिऑन पोस्ट या अमेरिकी तर्कशास्त्रज्ञाचे आडनाव. कोणत्याही यंत्राला कधीच सुटणार नाहीत असेही प्रश्न असतात, हे त्यांना १९२१ मध्येच उमगले होते. तेव्हा संगणक जन्मालाही आला नव्हता.

पोस्ट यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८९७ चा. त्यांचे गाव ऑगस्टोव्ह आज पोलंडमध्ये आहे, तेव्हा ते रशियन साम्राज्यात होते. १९०४ मध्ये हे ज्यू कुटुंब न्यूयॉर्कला आले. लहानग्या एमिलला ग्रहताऱ्यांचे वेड होते. पण बाराव्या वर्षाच्या सुमारास, उभ्या मोटारीखाली गेलेला चेंडू काढताना दुसरी मोटार येऊन आदळली आणि त्याचा डावा हात गेला. एका हाताने खगोलशास्त्र जमेल का, असे त्याने वेधशाळांना पत्र लिहून विचारले. हार्वर्डने धीर दिला, नौदलाच्या वेधशाळेने मात्र ही मोठीच अडचण ठरेल असे कळवले. मुलगा गणिताकडे वळला.

कोलंबिया विद्यापीठात १९२० मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. रसेल आणि व्हाइटहेड यांच्या ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’तील विधानांचे तर्कशास्त्र सत्यता सारणीने पूर्ण तपासता येते, हे त्यांनी सिद्ध केले. ही सारणी आपल्याकडे बारावीच्या गणितात असते. पुढचे वर्ष प्रिन्स्टनमध्ये गेले. आता त्यांना त्या ग्रंथातल्या सगळ्याच गणितासाठी अशी खात्रीची रीत हवी होती.

त्यातून एक खेळ निघाला. शून्य आणि एक यांची एक ओळ घ्या. पहिला अंक ० असेल तर शेवटी ०० जोडा, १ असेल तर ११०१ जोडा. मग सुरुवातीचे तीन अंक खोडा. पुन्हा तेच करा. १०० पासून सुरुवात केली, तर सहाव्या पायरीला चौथ्या पायरीचीच ओळ परत येते आणि फेरा सुरू होतो. कागदावर करून पाहाच. दुसऱ्या ओळी घेतल्या तर काही संपून जातात, काही बराच काळ चालत राहतात. कोणत्या ओळीचे काय होणार, हे आधी सांगण्याची रीत पोस्ट शोधत होते. ती सापडेना, तेव्हा त्यांनी विचारच उलटा फिरवला. अशी सर्वसाधारण रीत नसेलच तर? मग गणिताची कोणतीही अशी नियमबद्ध व्यवस्था अपुरीच राहणार. हा निष्कर्ष कुर्ट गोडेल यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केला आणि ते जगप्रसिद्ध झाले.

पोस्ट यांनी तो छापला नाही. माणसाचे मन ज्या ज्या पायऱ्यांनी विचार करू शकते, त्या साऱ्या आपल्या मांडणीत बसतात हे आधी दाखवायला हवे, असा त्यांचा आग्रह होता. शिवाय त्याच १९२१ मध्ये त्यांना उन्माद आणि नैराश्याच्या आजाराचा पहिला झटका आला. आज आपण याला बायपोलर डिसऑर्डर म्हणतो. उन्मादात झोप उडते, विचार धावू लागतात, सगळ्याचा सगळ्याशी संबंध दिसू लागतो. शोध लागतानाची धुंदीही आतून तशीच असते, आणि पोस्ट यांची पंचाईत हीच होती. नवी कल्पना सुचल्याचा आनंद त्यांना थेट रुग्णालयात नेऊ शकत होता. प्रतिभा आणि वेड एकाच घरात राहतात असे कौतुकाने म्हटले जाते; पोस्ट यांच्या बाबतीत आजाराने त्यांची वर्षेच खाल्ली.

कॉर्नेलमधली नोकरी आजारपणात गेली. शाळांत शिकवून दिवस काढले. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये १९३५ पासून ते स्थिरावले, तेही आठवड्याला सोळा तासांच्या अध्यापनावर. संशोधनावर त्यांनी पथ्य लावून घेतले: दुपारी चार ते पाच आणि संध्याकाळी सात ते नऊ. एका प्रश्नाने मन फार उत्तेजित होऊ लागले की ते दुसरा हाती घेत. काम घरच्या दिवाणखान्यातच चाले, त्यामुळे मुलगी फिलिसला गप्प बसावे लागे. लेखांचे टंकलेखन पत्नी गर्ट्रूड करीत.

या तीन तासांत जे झाले ते थोडे नाही. ओळीने मांडलेल्या चौकटींत खुणा करत जाणाऱ्या कामगाराची कल्पना त्यांनी १९३६ मध्ये मांडली. ती ट्युरिंग यांच्या यंत्राशी जवळजवळ जुळते, आणि दोघांना एकमेकांच्या कामाची खबर नव्हती. त्यांच्या १९४४ च्या लेखातल्या एका प्रश्नाने तर्कशास्त्रज्ञांना बारा वर्षे झुंजवले.

२१ एप्रिल १९५४ रोजी, मनोरुग्णालयात विजेच्या झटक्यांच्या उपचारानंतर, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. आज हा उपचार भूल देऊन, स्नायू शिथिल करून आणि हृदयाची तपासणी करून दिला जातो. तीव्र नैराश्यात तो गुणकारी आहे; कुणी डॉक्टरांनी सुचवला तर पोस्ट यांची आठवण काढून घाबरू नये. या आजारावर लिथियम चालते हे ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी १९४९ मध्ये नोंदवले होते. अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली १९७० मध्ये.

१९२१ च्या शोधाची हकिकत पोस्ट यांनी १९४१ मध्ये अखेर लिहून पाठवली, तेव्हा हेरमान वाइल यांनी वेळ निघून गेल्याचे सांगून ती परत केली. सिटी कॉलेजमधले त्यांचे विद्यार्थी मार्टिन डेव्हिस यांनी ती १९६५ मध्ये छापली.