कमरेवरचा काच आणि डॉ. खानोलकर

कळंबच्या भातखाचरांत धोतर नि लुगडे कमरेला घट्ट आवळून पिढ्या राबल्या. कमरेवरचा काळा वळ कुणी मनावर घेतला नाही. अशा वळात क्वचित कर्करोगही उद्भवतो, हे डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५-१९७८) यांनी दाखवले.

लंडनला शिकलेले हे विकृतिशास्त्रज्ञ मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९४१ पासून प्रयोगशाळांचे प्रमुख होते. सूक्ष्मदर्शकाखाली हा रोग त्वचेच्या नेहमीच्या कर्करोगासारखाच दिसे. निराळी होती ती त्याची जागा. उन्हाने होणारा कर्करोग उघड्या अंगावर येतो, हा तर वस्त्राखाली! म्हणून खानोलकरांनी पेशींबरोबर रोग्याच्या सवयीही तपासल्या. १९४५ साली सहकारी सूर्याबाईंसह लिहिलेल्या निबंधात त्यांनी सवयींतून उद्भवणारे तीन कर्करोग नोंदवले. त्यांतला एक धोतराचा. काश्मिरात पोटाशी धरलेल्या कांगडीची धग, तसा इथे गाठीचा काच.

पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. पण घराघराला उपयोगी पडावा तो हाच धडा: रोगाचे मूळ नशिबात नव्हे, सवयीत असेल तर तो टाळता येतो. घरातल्या आजीला एवढे जरूर सांगावे, की गाठ सैल बांधा आणि कमरेवरचा न भरणारा व्रण डॉक्टरांना दाखवा.