चुकलेल्या ठोक्याचा हिशोब

काळजाचा ठोका चुकला, असं आपण सहज म्हणतो. पण मंडळी, बहुतेक वेळा तो चुकत नाही, वेळेआधी येऊन जातो! याचा नीट हिशोब मांडणारे थिओडोर विल्हेल्म एंगेलमान पुढे आपल्या बर्लिनमध्येच प्राध्यापक झाले. अकरावीच्या जीवशास्त्रात लोलक, शेवाळ आणि जिवाणूंचा प्रकाशसंश्लेषणाचा प्रयोग आहे ना, तेच हे एंगेलमान.

जन्म १८४३चा, लाइपझिगचा. वडील प्रकाशक. १८६७ साली ते हॉलंडमधल्या उट्रेख्टला डोंडर्स यांच्या प्रयोगशाळेत गेले आणि तिथेच तीस वर्षं रमले. डोंडर्सांच्या मुलीशी लग्न झालं, पण ती लवकर गेली. १८७४ मध्ये त्यांनी पियानोवादक एमा ब्रांडेसशी लग्न केलं. लग्नानंतर एमाने जाहीर कार्यक्रम सोडले. (हे आपल्याकडेही काही कमी झालं नाही!) एंगेलमान स्वतः चेलो वाजवत. ब्राम्ससारखा संगीतकार त्यांचा मित्र, आणि त्याने आपलं तिसरं स्ट्रिंग क्वार्टेट त्यांना अर्पण केलं.

तालाचा कान असलेला हा माणूस बेडकाच्या हृदयाकडे वळला. हृदयाचा ताल मज्जातंतू नव्हे, तर हृदयाचा स्नायूच सांभाळतो, असं त्यांचं मत होतं. १८९०च्या दशकात त्यांनी विजेचा हलका झटका देऊन मध्येच जादा ठोका पाडला. त्यानंतर हृदय थांबल्यासारखं वाटे. का? पुढचा नेहमीचा संदेश येतो तेव्हा स्नायू अजून सावरलेला नसतो, म्हणून तो एक वाया जातो. त्याच्या पुढचा मात्र ठरल्या वेळी हजर! समजा, दर ०.८ सेकंदाला ठोका पडतो. जादा ठोका ०.५ला आला, तर पुढचा १.६ला पडतो. घड्याळ बिघडलेलंच नसतं. हे दाखवायला त्यांनी शिडीसारख्या आकृत्या काढल्या. आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना टायमिंग डायग्रामच वाटतील. उट्रेख्टच्याच वेंकेबाख यांनी पुढे हाच नमुना रुग्णांच्या नाडीत ओळखला.

१८९७ मध्ये एंगेलमान बर्लिन विद्यापीठात द्यु ब्वा-रेमों यांच्या जागी आले. इथेही घरात संगीत होतंच. २० मे १९०९ रोजी ते बर्लिनमध्ये वारले.

आज इथल्या डॉक्टरांच्या ईसीजी रिपोर्टमध्ये 'एक्स्ट्रासिस्टोल' दिसलं की आपल्या पोटात गोळा येतो. तो शब्द एंगेलमान यांचाच. निरोगी हृदयात असे तुरळक ठोके बहुधा निरुपद्रवी असतात. सोबत चक्कर, छातीत दुखणं किंवा शुद्ध हरपणं असेल तर मात्र तपासणी लांबवू नका.