चक्कर, उचकी आणि डॉ. वॉलेनबर्ग

वैद्यकीय शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला वॉलेनबर्ग हे नाव पाठ असते. तोंडी परीक्षेत त्या नावाच्या विकाराची लक्षणे तो घडाघडा सांगतो. पण तीच लक्षणे घेऊन सत्तरीच्या आजी समोर येतात आणि पित्तानं गरगरतंय म्हणतात, तेव्हा ती ओळखणे सोपे नसते. म्हणून या नावामागच्या माणसाची आज ओळख करून घेऊ. ज्यांच्या घरात वडीलधारी माणसे आहेत, त्या सर्वांनाच ती उपयोगी पडेल.

अॅडॉल्फ वॉलेनबर्ग यांचा जन्म १८६२ साली, तेव्हाच्या प्रशियातील आणि आजच्या पोलंडमधील एका गावात, ज्यू कुटुंबात झाला. हायडेलबर्ग आणि लाइपझिग येथे शिकून ते डान्झिग या बंदराच्या शहरात डॉक्टर म्हणून स्थिरावले. त्याच शहराला आज ग्दान्स्क म्हणतात. पुढे तेथील शहर रुग्णालयात त्यांनी अनेक वर्षे विभागप्रमुख म्हणून काम केले. रुग्णसेवा सांभाळून उरलेल्या वेळात ते मेंदूतील मज्जातंतूंच्या वाटा शोधत. मेंदूच्या रचनेचे जाणकार लुडविग एडिंगर यांच्यासोबतही त्यांनी काम केले.

१८९३ मध्ये त्यांच्याकडे दोरखंड वळणारा एक कारागीर आला. वय अवघे ३८. त्याला एकाएकी जोराची चक्कर आली होती, पण शुद्ध गेली नव्हती. घास गिळता येत नव्हता, आवाज घोगरा झाला होता आणि चालताना तोल एका बाजूला जात होता. हातापायांतली ताकद मात्र फारशी गेली नव्हती. अंगाच्या एका बाजूला स्पर्श कळत होता, पण टोचलेले आणि गरम-गार कळत नव्हते.

त्या काळी सीटी स्कॅन किंवा एमआरआय नव्हते. क्ष-किरणांचा शोधसुद्धा लागायचा होता. वॉलेनबर्गांनी रुग्णाला नीट विचारले, डोक्यापासून पायापर्यंत तपासले आणि एकेका लक्षणाचा माग काढला. गिळणे, आवाज, तोल आणि वेदना यांचे तंतू शेजारी-शेजारी कोठे येतात? मेंदूच्या देठात, म्हणजे ब्रेनस्टेममध्ये. त्यातही अगदी खालच्या भागात, एका कडेला. तेथे रक्त पोहोचवणारी एक बारीक रोहिणी बंद झाली असावी, असा निष्कर्ष त्यांनी १८९५ मध्ये प्रसिद्ध केला. काही वर्षांनी तो रुग्ण दगावला. शवविच्छेदनात बिघाड त्याच जागी सापडला आणि १९०१ मध्ये त्यांनी तेही प्रसिद्ध केले.

हा देठ जेमतेम अंगठ्याएवढा असतो. श्वास, गिळणे, डोळ्यांची हालचाल, तोल यांची केंद्रे आणि मेंदूकडे जाणारे-येणारे सगळे तंतू त्यात दाटीने बसलेले असतात. शरीराकडून येणारे वेदनेचे तंतू देठापर्यंत पोहोचण्याआधीच बाजू बदलतात, चेहऱ्याचे तंतू मात्र तेथवर आपल्याच बाजूला असतात. त्यामुळे या झटक्यात बहुधा चेहऱ्याची एक बाजू आणि अंगाची विरुद्ध बाजू बधिर होते. काही रुग्णांच्या लक्षात येते, की अंघोळीचे कढत पाणी एका अंगाला लागते, दुसऱ्या अंगाला लागत नाही.

पक्षाघात आणि अर्धांगवायू हे आपले शब्द येथे दिशाभूल करतात. हात उचलतोय, तोंड वाकडे नाही, म्हणजे झटका नाही, असे घरचे लोक समजतात. कधी कधी नवखा डॉक्टरही तसेच समजतो. प्रत्यक्षात रक्तवाहिनी बंद पडून येणाऱ्या झटक्यांपैकी सुमारे एक पंचमांश मेंदूच्या मागच्या भागातले असतात. वयस्कर माणसाची चक्कर पित्तावर, बीपीवर किंवा मानेच्या मणक्यांवर ढकलली जाते आणि मोलाचे तास निघून जातात. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते.

विद्यार्थ्यांनी चक्कर आलेल्या वृद्ध रुग्णाला खाटेवरच तपासून सोडू नये. आधार देऊन उभे करावे, चार पावले चालवावे. एकाएकी चालताच येईनासे झाले असेल, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत तो झटकाच समजावा. एकाची दोन दिसतात का, बोलणे जड झाले का, एक पापणी उतरली आहे का, आवाज बदलला का, न थांबणारी उचकी लागली आहे का, हे विचारावे आणि पाहावे. टाचणी आणि गार वस्तू लावून चेहरा आणि अंग दोन्हीकडे तपासावे. सीटी स्कॅन चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नये. देठातला ताजा झटका त्यात अनेकदा दिसत नाही. पहिल्या दिवसात एमआरआयलाही तो क्वचित चुकतो.

घरच्यांनी अशा वेळी लिंबूपाणी किंवा गोळी तोंडात घालू नये. गिळण्याचे स्नायू लुळे असतील, तर ते फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. ॲस्पिरिनही स्वतःच्या मनाने देऊ नये, कारण झटका रक्तस्रावाचाही असू शकतो. रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी होता, ती वेळ लक्षात ठेवावी आणि १०८ ला फोन करावा.

नाझी राजवटीच्या छळामुळे वॉलेनबर्गांना पंचाहत्तरीनंतर आपले शहर आणि संशोधन सोडून परागंदा व्हावे लागले. ते आधी इंग्लंडला गेले आणि १९४३ मध्ये अमेरिकेला. तेथेच इलिनॉय राज्यात १९४९ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या तपासणीच्या बळावर त्यांनी १८९३ मध्ये तो आजार ओळखला, तिला एक टाचणी, थोडे गार पाणी आणि रुग्णाजवळ थांबण्याची पंधरा-वीस मिनिटे पुरतात. लहानातल्या लहान सरकारी दवाखान्यातही आज ती करता येते.